सावलीतल्या दोन ओळींची वाइन

माझी मालविकामावशी कार्ल्सरूहेत ट्राम चालवते. तासगावच्या द्राक्षबागायतदाराची ही मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन पुढच्या शिक्षणाला जर्मनीत आली, इथेच जन्मलेल्या जेरार्दो नावाच्या इटालियन माणसाशी तिनं लग्न केलं, प्रयोगशाळांमधल्या हंगामी नोकऱ्यांना कंटाळली आणि एके दिवशी ट्रामचालकांच्या प्रशिक्षणाला जाऊन बसली. आजोबांनी तेव्हा तासगावहून फोनवर विचारलं होतं, "ट्रॅक्टरपेक्षा अवघड असतं का गं?"

"सोपं असतं," मावशी म्हणाली. "वळवावी लागत नाही."

आजोबा गेले. त्यांच्या मागे मामांनी बाग काढली आणि तिथे मंगल कार्यालय बांधलं. फोटो आले तेव्हा मावशीनं ते एकदा पाहिले. कार्यालय छान झालंय, असं तिनं मामांना कळवलं, आणि त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. मात्र तेव्हापासून सासऱ्यांच्या बागेबद्दल बोलताना ती "आपली बाग" म्हणायला लागली.

सासरे म्हणजे साबिनो. साठच्या दशकात ते दक्षिण इटलीतल्या एका डोंगराळ गावातून इथल्या कारखान्यात कामाला आले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात राहिले, मग बायकोबरोबर गावी परतले. गावी त्यांची लहानशी द्राक्षबाग होती, आग्लियानिको नावाच्या काळ्या द्राक्षांची. ही जात हट्टी. आजूबाजूचे लोक तोडणी उरकून मोकळे होतात तेव्हाही ती वेलीवरच असते, ऑक्टोबर संपता संपता पिकते, आणि तिची वाइन पहिली काही वर्षं तोंडात धरवत नाही इतकी तुरट लागते. ती ठेवायची असते. जो ठेवू शकतो त्याच्यासाठीच ती असते, असं साबिनो म्हणतात. सासूबाई गेल्यावर ते मावशीकडे, कार्ल्सरूहेतल्या डुर्लाख भागात, राहायला आले आणि बाग त्यांचा चुलतपुतण्या तोनिनो बघू लागला.

गेल्या मे महिन्यात साबिनोंना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशीच्या जेवणाला बागेचा निकाल लावायचा, हे घरात आधीच ठरलं होतं. जेरार्दोचं म्हणणं होतं की बाग काढून तिथे हेझलनटची झाडं लावावीत. त्या डोंगरात ती चांगली येतात आणि त्यांना फार बघावं लागत नाही. तोनिनोकडे स्वतःचा जेसीबी होता. येत्या नोव्हेंबरात, शेवटची तोडणी झाली की तो वेली उपटून देणार होता. आता फक्त साबिनोंनी हो म्हणायचं बाकी होतं.

मावशीला बाग ठेवायची होती. जूनपासून ती कामाचे तास कमी करून घेणार होती, टाइलत्साइटचा, म्हणजे अर्धवेळ कामाचा, अर्ज मंजूर झाला होता, आणि उन्हाळाभर तिथे जाऊन राहायची तिची तयारी होती.

"तू राहशील गं," जेरार्दो म्हणाला. वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्याकडे होते आणि स्वयंपाकघरात हा वाद चालला होता. "पण राहून करणार काय? दर उन्हाळा आता दोन हजार तीनसारखा असतो. पापांची ती वाइन आठवते ना? सुरुवातीला काय होती, आणि आज काय आहे? उन्हात भाजलेल्या द्राक्षाची वाइन म्हातारी होत नाही, मरते. आणि म्हातारी होणार नसेल तर आग्लियानिको लावायची कशाला?"

"खाली तळघरात माझी आहे की. तीही दोन हजार तीनचीच."

जेरार्दो हसला. "तुझी? बरं, पापांची मेली, हे मान्य. पण तुझी तर जन्मालाच आली नव्हती."

"वाढदिवसाला उघडते."

"आधी चाखून बघितलीस?"

"नाही."

"आणि तिच्यावर बाग पणाला लावतेस?"

मावशीनं कांदा चिरायला घेतला.  पण मला ठाऊक होतं की त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

दोन हजार तीनचा तो उन्हाळा युरोपात अजून लोकांच्या तोंडी आहे. मावशीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि नवी सून म्हणून ती पहिल्यांदा त्या गावी गेली होती. वसंतापासून तिथे पाऊस नव्हता. जुलै संपेपर्यंत डोंगरावरचं गवत करड्या रंगाचं झालं, कुत्री चर्चच्या सावलीतून हलेनात आणि वेलींची पानं दुपारी मिटल्यासारखी खाली वाकू लागली. तासगावच्या मुलीला उन्हाचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते बागेतल्या कामाचं. साबिनो नेहमीच्या रिवाजाप्रमाणे घडांभोवतीची पानं खुडत होते, कारण उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाला ऊन मिळायला हवं. इतर वर्षी ते बरोबरच असतं.

"अहो पापा," मावशी म्हणाली, "पानं राहू द्या. पश्चिमेचं ऊन थेट घडावर येतंय. भाजून निघतील."

मावशी तेव्हाही त्यांना अशीच हाक मारायची, पुढचं सगळं मोडक्या जर्मनमध्ये बोलायची, आणि साबिनो त्या 'अहो'ला लगेच वळून बघायचे.

"तुमच्याकडे काय करता?" त्यांनी विचारलं.

"कागद बांधतो."

आमच्याकडे ते खरंच करतात. फेब्रुवारी-मार्चचं ऊन घडाला लागू नये, मण्यांचा रंग बिघडू नये, म्हणून घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. आजोबांच्या बागेत तर बायका कागद गुंडाळता गुंडाळता त्यातल्या बातम्या एकमेकींना वाचून दाखवायच्या. साबिनोंनी पानं खुडायचं थांबवलं, सुनेकडे पाहिलं आणि पश्चिमेच्या कडेच्या दोन ओळी तिला देऊन टाकल्या. नव्या सुनेला नाही कसं म्हणायचं, एवढाच त्यात विचार होता.

जेरार्दोच्या आईसाठी नेलेल्या काचसामानाला कार्ल्सरूहेतली वर्तमानपत्रं गुंडाळलेली होती, शिवाय गाडीच्या डिकीत एक गठ्ठा होता. मावशीनं तेच कागद वापरले. जेरार्दो सकाळी शिडी धरायला यायचा आणि ऊन चढलं की पळून जायचा. एकही पान न खुडता तिनं दोन्ही ओळींतले घड कागदात गुंडाळले आणि वरून, पश्चिमेच्या अंगाला, सासूबाईंच्या जुन्या चादरी तारेला अडकवल्या. गावातले लोक संध्याकाळी फिरायला म्हणून येऊन ती बाग बघून जायचे.

"काय गं," साबिनोंनी सगळ्यांदेखत विचारलं, "द्राक्षांना जर्मन शिकवतेस? माझ्यासारखं गास्टआर्बाइटर म्हणून कारखान्यात पाठवायचीत का?"

यात मावशीची एक चूक झाली होती, आणि ती आमच्याकडच्याच माणसाची होऊ शकते. तासगावचं द्राक्ष खायचं असतं. ते हिरवं, कोवळ्या सालीचं राहिलं तर बाजारात मान मिळतो. वाइनच्या काळ्या द्राक्षाला रंग हवा, साल पिकलेली हवी, बिया तपकिरी व्हायला हव्यात, आणि त्यासाठी थोडं ऊन खावंच लागतं. मावशीनं सावली केली ती खायच्या द्राक्षाच्या हिशोबानं. सुट्टी संपली, ते दोघे कार्ल्सरूहेला परतले आणि कागद काढायचं काम साबिनोंवर आलं. सप्टेंबरात त्यांनी ते केलं, प्रत्येक कागदामागे एक शिवी देत, असं सासूबाई नंतर सांगायच्या.

बाकीची बाग त्या वर्षी कधी नव्हे इतकी लवकर पिकली. घडांची उन्हाकडची बाजू सुकून मनुका झाली होती, रसात साखर दाटली होती. साबिनोंनी ती ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तोडली. सुनेच्या दोन ओळी मात्र तशाच उभ्या होत्या. घट्ट, आंबट, पिकायचं नाव नाही. ही द्राक्षं चांगल्या रसात मिसळून वाइन नासवायची नाही म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली, महिनाअखेरीस तोडली आणि एका लहान पिंपात वेगळी घातली.

तीन वर्षांनी दोन्ही वाइन डुर्लाखच्या तळघरात आल्या. साबिनोंची सगळ्यांना आवडली. काळीभोर, गोडसर, मऊ, खजुरासारखी. आग्लियानिको इतकी लवकर पिण्याजोगी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्या उन्हानं तिचा सगळा हट्ट आधीच उतरवून टाकला होता. शेजारी यायचे, ग्लास पुढे करायचे, साबिनो दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी स्तुती ऐकायचे. मावशीच्या बाटल्यांवर पांढऱ्या रंगाची फुली होती, चुकून उघडल्या जाऊ नयेत म्हणून. दर नाताळात एक उघडायची आणि तोंडं वाकडी करायची, अशी घरात पद्धतच पडली. कच्चं करवंद, चहाची करपट पत्ती, हिरड्यासारखी जीभ ओढणारी. "सॅलडवर?" कुणी तरी विचारायचं. "सॅलडनं काय वाईट केलंय?" साबिनो म्हणायचे. मावशी सगळ्यांबरोबर हसायची. मावशीची मुलगी नैना सात-आठ वर्षांची होईपर्यंत हे चाललं. मग त्या विनोदाचाही कंटाळा आला आणि बाटल्या मागच्या फळीवर गेल्या.

वाढदिवस रविवारी होता. जेवायला घरचीच माणसं होती: साबिनो, जेरार्दो, मावशी, नैना आणि मी. मावशीनं सकाळीच दोन बाटल्या वर आणून खिडकीपासून लांब, थंड कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या होत्या. एक साबिनोंची, घरातली जवळपास शेवटची. एक फुलीवाली. तिनं दोन्हींची बुचं स्वतः काढली. तिचं बूच कोरडं होतं आणि निम्म्यावर तुटलं.

"शकुन चांगला आहे," जेरार्दो म्हणाला.

"तू तुझा ग्लास पुढे कर."

आधी साबिनोंची ओतली. कडेला तपकिरी झाली होती, पण वास खरोखर छान आला. सुकं अंजीर, गूळ, जरा चॉकलेट. जेरार्दोचा चेहरा पडल्यासारखा झाला, कारण त्यानं ती मेली म्हणून सांगितलं होतं आणि ती मेलेली वाटत नव्हती.

"श्मेक्ट डोख, छान लागतेय की," नैना म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देते. "मला आवडली," एवढं तिनं साबिनोंकडे बघून इटालियनमध्ये म्हटलं, आणि ते खूश झाले.

मग फुलीवाली आली. रंग विटेचा, उजेडात धरली तर पातळ वाटावी इतका नितळ. गाळ सगळा तळाशी बसला होता. मी वास घेतला. बंद खोलीचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास. तोंडात काहीच नाही, नुसता आंबटपणा आणि त्यामागे दाराची कडी लावल्यासारखी तुरट चव.

 जेरार्दोनं ग्लास हळूच खाली ठेवला. एरवी तो चिडवल्यावाचून राहिला नसता, पण आज त्यानं मावशीपुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि ते जास्त वाईट होतं. मावशीनं पुन्हा एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. 

"तर मग," जेरार्दो शेवटी म्हणाला, "तोनिनोला—"

"पास्ता आण," साबिनो म्हणाले.

"पापा, आपण ठरवलं होतं—"

"जेवणाला ठरवायचं ठरलं होतं. जेवण कुठंय?"

पास्ता आला, मग मावशीनं भाजलेलं मटण आलं, त्यात गोडा मसाला घातल्याचं साबिनोंना कळतं आणि ते कधी बोलून दाखवत नाहीत. दोन्ही ग्लास तसेच समोर होते. नैना तिच्या वर्गाबद्दल काहीतरी सांगत होती. जेरार्दोनं मध्येच वडिलांच्या वाइनचा घोट घेतला आणि भुवया जवळ आणल्या. पुन्हा घेतला. मीही घेतला. अंजीर गेलं होतं. गूळ करपला होता. सोया सॉससारखं काहीतरी खारट-तपकिरी उरलं होतं, आणि त्याच्या वर सुटी पडलेली दारू, घशात गरम लागणारी, जिला आता चिकटून राहायला काहीच नव्हतं. सगळं फळ उन्हानं त्याच वर्षी खर्चून टाकलं होतं. पहिली दहा मिनिटं आम्ही जे चाखलं तो त्याचा आठव होता.

साबिनोंनी तो ग्लास लांब सारला. रागानं नाही. जुन्या मित्राला निरोप द्यावा तसा.

मग त्यांनी फुलीवाला ग्लास उचलला, नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. इतका वेळ, की नैनाचं बोलणं थांबलं.

"नोनो?" तिनं आजोबांना हाक मारली.

"श्श."

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. टेबलावरच्या पावाच्या तुकड्याकडे बघत राहिले, मग दुसरा घोट घेतला आणि मावशीला म्हणाले, "तू घे."

मावशीनं घेतला. मी घेतला. पुठ्ठ्याचा वास कुठेच नव्हता. त्या जागी आता सुकवलेली संत्र्याची साल होती, आमसूल होतं, जळत्या लाकडाचा थोडा धूर, आणि मध्यभागी एक लाल, जिवंत आंबटगोड फळ, जणू ते काल तोडलं असावं. ती जीभ ओढणारी तुरट चव अजूनही होती, पण आता ती कडीसारखी नव्हती. घट्ट विणलेल्या जुन्या कापडाला अंग लागावं तशी होती. घोट संपला तरी चव संपत नव्हती. उष्णता त्यातही होती, खोलवर, मंद. तो उन्हाळा या वाइनमध्येही होताच. पण सावलीतून गेलेला.

"इतर कुठल्याही वर्षी," साबिनो म्हणाले, "तुझ्या त्या चादरींखाली काही पिकलं नसतं. पाणी झालं असतं. समजतंय ना? तुझी चूकच होती."

"हो. नंतर कळलं मला."

"त्या वर्षी मात्र ऊनच एवढं होतं की सावलीतसुद्धा पिकलं. हळू पिकलं. आमचं पळालं, तुझं चाललं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आणि आता दर वर्षी तेवढं ऊन असतं, असं माझा मुलगा म्हणतो."

"गेनाऊ, अगदी तसंच," मावशी म्हणाली. तेवढंच.

जेरार्दो अजून पीत होता. घोट घ्यायचा, ग्लासाकडे बघायचा, पुन्हा घ्यायचा. "हे आपल्याकडे जवळपास वीस वर्षं होतं?" त्यानं विचारलं. "तळघरात? आणि आपण नाताळात ओतून देत होतो?"

"तू ओतत होतास," मावशी म्हणाली. "मी माझा ग्लास संपवायचे."

"खोटं. कुंडीत ओतायचीस. मी बघितलंय."

"एकदा."

नैना खो खो हसली. साबिनोंनी हात वर केला आणि सगळे थांबले. "एका बाटलीनं बाग चालत नाही," ते जेरार्दोला म्हणाले, "हे तुझं बरोबर आहे. पण तू म्हणाला होतास की उन्हातली वाइन टिकत नाही. ते बरोबर नाही. माझी टिकली नाही. पानं मी काढली होती." मग ते मावशीकडे वळले. "किती ओळी?"

"काय?"

"या उन्हाळ्यात किती ओळींवर सावली करायची?"

"सगळ्या. पश्चिमेकडून सगळ्या."

"वेडी आहेस. अर्ध्या."

"अर्ध्या तर अर्ध्या, पण पान एकाही वेलीचं खुडायचं नाही."

"खालच्या ओळींची खुडायची. तिथे दुपारनंतर डोंगराची सावली येते, तू बघितलंयस कुठं?"

"अहो पापा, बघितलंय. म्हणूनच खालच्या ओळी बिनसावलीच्या अर्ध्यात धरल्यात मी."

साबिनोंनी क्षणभर हिशोब केला. मग त्यांनी मान हलवली, ती होकाराची होती हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. "जा," ते म्हणाले. "जा. आणि कागद नको. जाळी आण. माझं वय नाही आता शिव्या देत कागद सोडवायचं."

"तुम्हीही येणार?"

"मग काय इथे बसून ट्राम बघू?"

जेरार्दो खुर्ची मागे सारून उठला आणि बाल्कनीत गेला. दार उघडंच होतं. तोनिनोशी तो फोनवर त्यांच्या गावच्या इटालियनमध्ये बोलत होता आणि साबिनो आम्हाला वाक्यावाक्याला जर्मनमध्ये सांगत होते. जेसीबी नको. नाही, पुढच्या वर्षीही नको. हेझलनट नाही. हो, बापाला विचारलं, बापच म्हणतोय. नाही, डोकं ठिकाणावर आहे त्याचं. त्या इंडियन वाइनमुळे. हो तीच, जी तुम्ही सगळे थुंकला होतात. जेरार्दो फोन कानाशी धरून तोनिनोचं ऐकत राहिला. मग तो हसायला लागला.

"काय म्हणतो?" मावशीनं आतून विचारलं.

"म्हणतो, त्याला एक बाटली ठेव."

"सांग, नाताळात ये म्हणावं. तोंड वाकडं करायला."

तिनं हे त्याच्याकडे न बघताच सांगितलं. ती जेवत होती. इतका वेळ तिच्या ताटाला हात लागला नव्हता, मटण गार झालं होतं, पण तिनं ते गरम करून घेतलं नाही. पावाचा तुकडा मोडून रस्सा पुसला, पुन्हा वाढून घेतलं, आणि साबिनोंनी न विचारता बाटलीतली उरलेली वाइन, गाळ खालीच राहील अशी सांभाळून, तिच्या ग्लासात ओतली.